कुंपणच आम्ही खातो!

कुंपणच शेत खाऊ लागले तर दाद कोणाकडे मागावयाची, अशी आपल्याकडे म्हण आहे. आमच्या राजोडीच्या वाडीत मात्र गेले दोन पावसाळे याच्या अगदी उलटा प्रकार चालू आहे. येथे आम्हीच कुंपण खात आहोत! कधी त्याची भाजी होते, कधी भजी, कधी नुसतीच वाफवून कोशिंबीर. सकाळी सौ. टोपली घेऊन कुंपणाकडे निघाली की शेजारच्या मावशी हाक मारून विचारतात, "काय गुरुजी, आज किती फूट कुंपण शिजणार?" मी हसतो. पण हा सारा खटाटोप मी हौसेने केलेला नाही. त्याच्यामागे सात गुंजांची एक गोष्ट आहे आणि ती आधी सांगितल्यावाचून पुढचे काही कळावयाचे नाही.

सात गुंजा

नालासोपारा स्टेशनवर उतरून समुद्राच्या दिशेने निघाले की आमचे राजोडी लागते. एका अंगाला कळंब, दुसऱ्या अंगाला अर्नाळा. पुढे सुरूची झाडे आणि वाळू, मागे नारळ, केळी आणि भाजीपाल्याच्या वाड्या. वसईच्या या पश्चिम पट्ट्याने पिढ्यान् पिढ्या मुंबईला भाजी, केळी, फुले आणि विड्याची पाने पुरविली. तीस वर्षे मुंबईच्या शाळेत फळ्यावर वेलींची चित्रे काढून मी निवृत्त झालो आणि सौ.सह या वडिलोपार्जित वाडीत येऊन राहिलो. वाडी लहानशीच. तीन बाजूंना जुने कुंपण: कोठे शेर, कोठे मोगली एरंड, मधूनमधून घाणेरी, आणि या सर्वांवर चढलेली एक गुंजेची वेल. ती माझ्या आईने लावलेली. पानाच्या विड्यात गुंजेचा पाला घालण्याची तिला आवड होती. तो पाला गोड लागतो हे पान खाणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे. आई गेली तरी वेल राहिली आणि ती राहावी असेच मला वाटत असे.

२०२३ च्या नाताळच्या सुटीत मुलगा, सून आणि चार वर्षांची नात आमच्याकडे आली. नाताळात गुंजेच्या शेंगा तडकतात आणि लालभडक, काळ्या डोळ्याचे दाणे उघड्यावर बसतात. दुसऱ्या दिवशी दुपारी सून घाबरीघुबरी होऊन ओसरीवर आली. मुलीच्या फ्रॉकच्या खिशात सहा गुंजा होत्या आणि सातवी तिच्या गालात.

"आणखी किती खाल्ल्यास?" या प्रश्नाला पोर कधी 'एक' म्हणे, कधी 'दहा'. तिला दहापर्यंतच आकडे येत होते.

मी शिक्षक. गुंजेच्या बीमध्ये अॅब्रिन नावाचे जहाल विष असते, हे मी वर्गात सांगितलेले होते. शरीरातील पेशींना प्रथिने तयार करता येऊ नयेत, असे त्या विषाचे काम. उलट्या, जुलाब ही लक्षणे काही तासांनी, कधी त्याहून उशिराही दिसतात. म्हणजे पोर आत्ता हसतखेळत आहे याचा काही अर्थ नाही! आम्ही ती सातही बियाणी आणि वेलीची एक डहाळी पुडीत बांधून रिक्षाने दवाखाना गाठला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "घरी उलटी करविण्याचा प्रयत्न केलात काय?" नाही म्हणताच म्हणाले, "बरे केलेत. आणि बी बरोबर आणलेत हे त्याहून बरे केलेत."

दोन रात्री आम्ही तिच्या खाटेशी बसून काढल्या. गुंजेचे बाहेरचे कवच फार टणक असते. बी न चावता गिळले तर पुष्कळदा ते तसेच्या तसे बाहेर पडते. चावून फुटले, तर मात्र धडगत नसते. तिसऱ्या दिवशी सकाळी तीन गुंजा अखंड बाहेर पडल्या आणि रक्ताच्या तपासण्याही निर्दोष आल्या. पूर्वीचे सोनार आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा धरीत. एक गुंज म्हणजे सुमारे १२० मिलिग्रॅम. एवढ्याशा वजनाने सोने तोलतात हे मी मुलांना कौतुकाने सांगत आलो होतो. आमच्या घरातले सोने त्या दोन रात्री कशाने तोलले गेले, ते मी कोणत्या वर्गात सांगू?

भिंत की वेल?

जाताना मुलगा म्हणाला, "बाबा, ते सगळे कुंपण काढून टाका आणि सिमेंटची भिंत घाला. पैसे मी देतो." सून काही बोलली नाही. पण संक्रांतीला ती मंडळी आली नाहीत, शिमग्याला आली नाहीत. मे महिन्याच्या सुटीबद्दल विचारले तर मुलगा म्हणाला, "पाहू." आईबापांना 'पाहू' या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही.

गवंडी येऊन भिंतीचा अंदाज देऊन गेला. पैसा मुलगा देणार होता, तेव्हा प्रश्न केवळ पैशाचा नव्हता. आमच्या आणि मावशींच्या वाडीमध्ये हे एकच कुंपण. त्यावरून पावसाळ्यात इकडून तिकडे भाजीची जुडी जाते, तिकडून इकडे माशाच्या कालवणाची वाटी येते. भिंत उठली की हाका थांबणार. शिवाय वसईत भिंती काय थोड्या उठल्या? हिरवाई आणि विहिरींचे गोडे पाणी राखण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांनी हरित वसईची चळवळ चालविली, ती आमच्या डोळ्यांसमोर. तेव्हा मी मुलाला फोन करून म्हटले, "मला एक पावसाळा दे. दिवाळीला येऊन बघ. कुंपणात बोट ठेवावयाला जागा दिसली, तर दुसऱ्या दिवशी गवंडी बोलावू."

मुलगा एवढेच म्हणाला, "बाबा, तिने कुंपणावरचे पान तोंडात घातले तरी आम्हांला झोप लागली पाहिजे."

ही झाली माझी परीक्षेची प्रश्नपत्रिका.

आधी उपटणे, मग लावणे

नवे लावण्याच्या उत्साहात जुने काढावयाचे राहून जाते. म्हणून मी प्रथम कुंपणाची हजेरी घेतली आणि छाती दडपून गेली. मोगली एरंडाच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच त्या फार वाईट. त्या खाऊन शाळकरी मुलांना विषबाधा झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात वारंवार येतात. शेराचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला भयंकर इजा करतो. फाटकाशी शोभेसाठी लावलेली पिवळी कण्हेर हृदयावर घाला घालते. पिवळ्या घंटेसारख्या फुलांचा अलामंडा देखणा खरा, पण त्याचाही चीक आणि पाला पोटात जाण्याजोगा नाही. पावसाळ्यात कोपऱ्यात उगवणारी कळलावी तर कंदापासून बीपर्यंत विषारी. एवढी सगळी मंडळी मी रोज पाहत होतो आणि 'हिरवेगार कुंपण' म्हणून समाधान मानीत होतो!

डोळ्यांना चष्मा आणि हातांत रबरी मोजे चढवून दोन गड्यांच्या मदतीने आठ दिवसांत सारे मुळासकट काढले. आईची गुंजवेल मी स्वतः काढली. तिच्याखाली पडलेले दाणे वेचावयाला मात्र महिना लागला. आणि एवढे करूनही पहिल्या पावसाबरोबर गुंजेची रोपे उगवली ती उगवलीच. टणक कवचाचे बी जमिनीत वाट पाहत बसते. तेव्हा ज्यांच्या कुंपणावर गुंज आहे, त्यांनी ती काढल्यावर निदान दोन पावसाळे तेथे डोळ्यांत तेल घालून पाहावे.

निवडीचे चार प्रश्न

'ही वेल खाण्याची आहे का?' हा प्रश्न अपुरा आहे, हे मला गुंजेनेच शिकविले. तिचा पाला खातात आणि बीने माणूस मरतो! म्हणून प्रत्येक वेलीला मी चार प्रश्न विचारले. पहिला: हिचा कोणताही भाग, कोणत्याही अवस्थेत, लहान मुलाने कच्चा चावला तर जिवावर बेतेल काय? दुसरा: हिच्यासारखीच दिसणारी एखादी कडू किंवा विषारी बहीण रानात आहे काय? तिसरा: समुद्राचा खारा वारा आणि आमची वाळूमिश्रित जमीन ही सोसेल काय? आणि चौथा: ही कुंपण किती महिने झाकील आणि तिचा भार किती होईल?

चारही प्रश्नांत पहिल्या वर्गात येणाऱ्या वेली थोड्या. पण थोड्या असल्या तरी कुंपण भरावयाला पुरेशा आहेत.

पावसाळी मंडळी

जूनच्या पहिल्या चांगल्या सरीनंतर बी टोचले की दीड महिन्यात कुंपण झाकणारी मंडळी म्हणजे पडवळ, दोडका, घोसाळे आणि कारले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आपल्या हवामानासाठी यांच्या जाती काढलेल्या आहेत: पडवळाची 'कोकण श्वेता', दोडक्याची 'कोकण हरिता', कारल्याची 'कोकण तारा'. रानातून किंवा कोणाच्या परसातून बी उचलून आणण्यापेक्षा असे खात्रीचे बी घ्यावे. त्याचे कारण पुढे येईलच.

पडवळाला मी पहिला क्रमांक देतो. त्याची झालरीची पांढरी फुले संध्याकाळनंतर उमलतात आणि रात्री पतंग त्यांच्याभोवती फिरतात. फळ वाकडे होऊ नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधावयाचा असतो, हे काम घरातल्या मुलांना द्यावे. त्यासारखा आनंद नाही! घोसाळ्याची पिवळी फुले पहाटे उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. दोन्ही शेजारी लावली की कुंपण दिवसातून दोनदा फुलते. कोवळ्या घोसाळ्याची भजी सर्वांना ठाऊक आहेत. पण दोनचार फळे वेलीवरच वाळू द्यावीत. साल आणि बिया काढल्या की आतली जाळी अंग घासावयाला उत्तम. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगाला गेल्या वर्षी आमच्याकडे बाजारचा स्पंज आला नाही.

कारले मी लावले, परंतु मागच्या अंगाला आणि उंचावर. हिरवे कारले कोणतेही मूल आपण होऊन खाणार नाही. पण ते पिकून नारिंगी झाले आणि उलले की आतला लाल गर गोड असतो आणि मुले त्याला भुलतात. गर ठीक, त्यातील बिया मात्र लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नयेत. तेव्हा कारली पिकण्याआधी उतरविलीच पाहिजेत.

कडू लागले की टाका

दुधी, दोडका, पडवळ, काकडी ही सगळी एकाच कुळातली भावंडे. या कुळाच्या रक्तातच कडूपणा आहे. त्या कडू द्रव्याला कुकर्बिटासिन म्हणतात. शेकडो वर्षे गोड फळांचे बी राखून राखून माणसाने तो कडूपणा घालविला. परंतु रानातल्या कडू दोडकीचा किंवा कडू पडवळाचा पराग घरच्या वेलीवर पडला आणि त्या फळाचे बी आपण पुढच्या वर्षासाठी ठेवले, तर तो पुन्हा वर येऊ शकतो. खात्रीचे बी घ्या म्हणतो ते यासाठी. २०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा कडू दुधीचा रस पिऊन मृत्यू झाला. त्यानंतर भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. रस कडू लागला तर तो टाकून द्यावा, पिऊ नये, असा त्या समितीचा स्पष्ट सल्ला होता. शिजविल्यानेही हा कडूपणा जात नाही. आमच्या स्वयंपाकघरात आता नियम आहे: चिरण्यापूर्वी देठाकडची एक चकती जिभेला लावावयाची. कारल्याखेरीज दुसरे काहीही कडू लागले तर थुंकावयाचे, चूळ भरावयाची आणि सबंध फळ केरात.

आणि पाहा, हा धडा आपल्या दिवाळीतच आहे. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपण पायाच्या अंगठ्याने कारीट चिरडतो आणि त्याचा कडू रस जिभेला लावतो. ते कारीटही याच कुळातले, कुंपणाच्या आणि बांधाच्या आश्रयाने वाढणारे. वर्षातून एकदा घरातल्या लहानमोठ्या सर्वांना ही कडू चव ओळखावयाला लावणाऱ्या त्या पूर्वजांच्या मनात काय होते कोण जाणे. पण मला तो आता जिभेचा वार्षिक वर्गच वाटतो.

वर्षभराचे पहारेकरी

पावसाळी वेली दसऱ्यापर्यंत सोबत करतात. नंतर पिवळ्या पडतात. मग कुंपण उघडे पडते आणि गुरे आत शिरतात. म्हणून काही बारमाही पहारेकरी हवेत.

त्यांचा नाईक म्हणजे तोंडली. ही बियांनी न लावता छाटांनी लावतात. तोंडलीत नर वेल निराळी आणि मादी वेल निराळी असते. म्हणून छाट घ्यावयाचे ते भरपूर फळे लागलेल्या, गोड तोंडलीच्या वेलीचेच. रानातली तोंडली कडू निघते. एकदा लागली की ती अनेक वर्षे राहते, छाटली की दुप्पट फुटते आणि पिकलेली लाल तोंडली बुलबुलांना फार आवडतात. मुलाने एखादे खाल्ले तरी काळजीचे कारण नाही.

दुसरा मायाळू. लाल देठाचा आणि हिरव्या देठाचा असे दोन प्रकार. पाने मांसल आणि गुळगुळीत. डाळीत घाला, पातळ भाजी करा, नाहीतर बेसनात बुडवून तळा. समुद्राच्या वाऱ्याने माझी कारल्याची पाने करपली, पण मायाळूने दाद दिली नाही. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे त्यांनी मात्र ही भाजी बेताने खावी. पावसाळा सरला की त्याला मण्यांएवढी जांभळी फळे येतात. चिरडली की बोटे, कपडे, भिंती, सारे रंगते. पण त्यात विष नाही. या फळांचा उल्लेख पुढे पुन्हा यावयाचा आहे, म्हणून येथेच थांबतो.

तिसरा चौधारी घेवडा. शेंगेला चार धारा असतात आणि कडा कातरल्यासारख्या. बी रात्रभर भिजवून पावसाच्या आरंभी लावावे. दिवस लहान होऊ लागले की निळसर फुले येतात आणि पडवळ थकते तेव्हा ह्याच्या शेंगा सुरू होतात. कोवळ्या शेंगा, कोवळी पाने, फुले आणि जमिनीतला कंदही, सगळे खातात. जून बी मात्र शिजवूनच खावयाचे.

कोनफळाची वेलही मी दोन ठिकाणी चढविली आहे. पाने मोठी, हृदयाच्या आकाराची. थंडीत वेल वाळते आणि खाली जांभळा कंद मिळतो. आमच्या पालघरकडच्या उकडहंडीत कोनफळ नसेल तर ती उकडहंडी कसली! कंद मातीखाली असल्याने मुलांच्या हाती लागत नाही. तो शिजविल्यावाचून खाऊ नये, एवढे पथ्य.

विड्याची वेल म्हणजे तर वसईचे भूषण. परंतु ती उघड्या तारेवर चढत नाही. तिला सावली, ओलावा आणि मुळ्या रोवावयाला खोड लागते. विहिरीपाशी, वाऱ्याच्या आडोशाला, नारळाच्या बुंध्यावर ती लावली आहे. आईची गुंजवेल काढली. तिच्या विड्याचे पान तरी घरात राहिले.

वालाबद्दल आमच्या घरात वाद झाला. कच्च्या, जून वालात सायनाइड निर्माण करणारे द्रव्य थोड्या प्रमाणात असते. भिजवून, ते पाणी टाकून, मोड आणून, सोलून, चांगले शिजविले की बिरडे निर्धोक. मी नको म्हणत होतो. सौ. म्हणाली, "अहो, वाल विष असता तर तुमचे सात पिढ्यांचे घराणे राहिले असते का?" शेवटी वाल विहिरीमागच्या टोकाला गेले. तेथे नातीला एकटीने जाण्याची मनाई आहे आणि शेंगा कोवळ्या असतानाच उतरतात. संसारात काही तह करावेच लागतात.

फाटकाबाहेर ठेवलेली मंडळी

काही चांगल्या नावाच्या वेली मी नाकारल्या. गुळवेल लावा, असे दहा जणांनी सांगितले. करोनाच्या साथीत ती घरोघर गेली. पण २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि दुसऱ्याच वेलीशी गल्लत झाली असेल असे म्हटले. ज्या वेलीची ओळख पटविण्यात जाणत्यांची गल्लत होऊ शकते, ती माझ्या कुंपणावर नको. करांदे मला फार आवडतात. परंतु त्यांची रानटी जात कडू आणि विषारी, आणि वेलीवर लोंबणारे करांदे मुलांच्या अगदी हाताशी. ते मी बाजारातून आणतो. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा चहा आता लोकप्रिय आहे. पण तिच्या बिया आणि मूळ तीव्र रेचक. कृष्णकमळाच्या ज्या जातीला खाण्याजोगी फळे येतात, तिचीही फळे पिकल्यावरच खावयाची. कच्ची खाऊ नयेत. अबईच्या कोवळ्या शेंगांची भाजी होते, जून बिया मात्र अपायकारक. या सगळ्या वेली वाईट आहेत असे नव्हे. जाणत्या माणसांच्या घरी त्या शोभतात. चार वर्षांच्या मुलीच्या घरी नव्हेत.

वारा, वाळू आणि विहीर

आता चार व्यवहाराच्या गोष्टी. कुंपणाच्या खांबांसाठी आमच्याकडे गिरिपुष्पाचे खुंट मारतात, ते चटकन फुटतात. पण त्याला उंदीरमारी असेही नाव आहे, ते उगीच नव्हे! मी शेवग्याचे खुंट लावले. पाला आणि शेंगा दोन्ही खाता येतात. मात्र शेवगा ठिसूळ. म्हणून दर दोन खुंटांमध्ये जाड बांबू आणि आडव्या काठ्या काथ्याने बांधल्या.

पहिल्याच वर्षी मी एक घोडचूक केली. हौसेने दुधी आणि घोसाळी दाट लावली. जुलैच्या वादळी रात्री ते भरलेले कुंपण शिडासारखे फुगले आणि अठरा फूट कुंपण दुधींसह आडवे झाले. सकाळी मावशी पलीकडून म्हणाल्या, "गुरुजी, तुमचे कुंपण आमच्याकडे पाहुणे आले आहे." त्यांच्या मुलाने आणि मी ते पुन्हा उभे केले. तेव्हापासून समुद्राच्या बाजूला मी फक्त हलके वेल ठेवतो, मधून मधून वाऱ्याला वाट ठेवतो आणि दुधीला कुंपणावरून काढून वेगळा मांडव दिला आहे.

वाळूत पाणी आणि खत टिकत नाही. हातभर खोल खड्डा करून त्यात कुजलेले शेणखत, पालापाचोळा आणि थोडी शेतातली माती भरावी. पाऊस संपला की बुंध्याशी नारळाच्या सोडणांचे आच्छादन घालावे. उन्हाळ्यात विहिरीचे पाणी मचूळ होते, तेव्हा माठाने बुंध्याशीच घालावे, पानांवर शिंपडू नये. लाल भुंगे कोवळी पाने कुरतडतात. ते सकाळी सुस्त असतात तेव्हा हातांनी वेचावे आणि पानांवर राख भुरभुरावी. फळमाशीने डंख केलेली फळे वेलीखाली पडू न देता लांब पुरावी. एवढे करूनही चौथा हिस्सा किडीचा, असे मी धरून चालतो. कुंपण खावयाचे तर त्यावर औषध फवारावयाचे नाही. नाहीतर निर्विष वेल निवडून तिच्यावर आपल्याच हाताने विष घातल्यासारखे होईल.

आणि शेवटची गोष्ट मुलांना शिकविण्याची. कुंपण कितीही निर्धोक केले तरी जग निर्धोक होत नाही. रस्त्यावर मोगली एरंड आहे, बागेत कण्हेर आहे, शाळेच्या कडेला गुंज असू शकते. मी फोनवरून नातीला एकच नियम पढविला: "विचारल्याशिवाय तोंडात नाही." पावसाळाभर रोज रात्री ती मला एक पान, एक फूल यांचे नाव विचारी आणि मी कुंपणाकडे कंदील घेऊन गेल्यासारखा मोबाइलचा दिवा घेऊन जाई आणि तिला दाखवी.

दिवाळीची तपासणी

२०२४ च्या दिवाळीत, वसुबारसेच्या संध्याकाळी, रिक्षा फाटकाशी थांबली. मुलगा उतरला तो आधी कुंपणाच्या कडेने चालत गेला. पान उलटून पाही, जमीन पाही, पुन्हा पुढे जाई. मी ओसरीवर बसून राहिलो. परीक्षेच्या दिवशी शिक्षकांनी मुलांजवळ उभे राहू नये, हे मला ठाऊक होते. परीक्षकाजवळही राहू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी सौ. सूनबाईला कडबोळी वळावयाला दाखवीत होती. इतक्यात नात अंगणातून धावत आली. तिचे ओठ, दात, हनुवटी, दोन्ही तळवे, सगळे जांभळेलाल! सुनेच्या हातातले पीठ खाली पडले. ती उठली ती किंचाळतच. मी खुर्चीतून उठेपर्यंत मुलगा तिला कडेवर घेऊन उभा होता.

"काय खाल्लेस? सांग, काय खाल्लेस?"

पोर आधी भांबावली. मग तिने जांभळी मूठ उघडून दाखविली. "मायाळूची फळे. मी आजोबांना विचारले होते. फोनवर. पावसाळ्यात."

आणि खरेच विचारले होते. मी विसरलो होतो, ती नाही.

सून पुष्कळ वेळ तिच्याकडे पाहत राहिली. मग पदराने तिचे तोंड पुसू लागली, तो रंग पुसता पुसेना. पुसताना तिला हसू आले आणि हसताना डोळ्यांत पाणी. कुंपणापलीकडून मावशींची हाक आली, "काय झाले हो गुरुजी?" मी म्हटले, "काही नाही. कुंपण शिजण्याआधीच खाल्ले गेले!"

मुलगा संध्याकाळी माझ्यापाशी येऊन बसला. गवंड्याचा विषय त्याने काढला नाही. म्हणाला, "बाबा, त्या कोपऱ्यात अजून थोडी जागा उघडी आहे. तेथे काय लावता येईल?"

मी म्हटले, "तिलाच विचार."

यंदा त्या कोपऱ्यात तिच्या हातचे पडवळ आहे. दगड तिनेच बांधले. जरा मोठेच बांधले आहेत, पण फळे सरळ आली.